मुठीतले आधीचे चिंचोके

2006 साली बारावी होऊन मी आपल्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयातून बाहेर पडलो. स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला तेव्हा वाटलं, स्नेहसंमेलन, सहल आणि कबड्डीबद्दल बाकीचे लिहितीलच. मी आपला वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर लॅबबद्दल लिहितो. चपला दाराबाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं.

बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घेण्यामागचं माझं खरं कारण एवढंच, की दुसरी भाषा सुटत होती. पुढे 8085 हा मायक्रोप्रोसेसर आणि सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा वाढून ठेवलीय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

प्रोग्राम लिहायच्या टर्बो सी सॉफ्टवेअरच्या त्या निळ्या पडद्यावरचा माझा दुसराच प्रोग्राम सातच्या पाढ्याचा होता. फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा, फेऱ्या मोजणारा आय एकपासून दहापर्यंत, दर फेरीला सात गुणिले आय छापायचं. चालवला, तर पडद्यावर एकच आकडा: 77. सात एके सात नाही, सात दाहे सत्तर नाही, थेट सत्त्याहत्तर. मला वाटलं मशीन बिघडलं. शेजारच्या मशीनवर टाइप केला, तिथेही 77. बाई आल्या, पडद्याकडे पाहून नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "लूप अगदी बरोबर फिरलंय. पण काय करत फिरलंय ते बघ."

दोन प्रॅक्टिकलं गेली. मध्ये एकदा लाइट गेली आणि सेव्ह करायचं एफ टू न दाबल्यामुळे सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. त्या पुनर्लेखनातच फॉरच्या ओळीच्या शेवटचा सेमीकोलन (;) दिसला. लूप तिथेच संपत होतं. दहा वेळा रिकामं फिरून आय अकरावर पोचला, मग खालची ओळ एकदाच चालली. सात अकरा सत्त्याहत्तर. मशीनला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

बाईंचा नियम असा, की चूक त्या सांगायच्या नाहीत. आधी वहीत आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, एका रकान्यात आय, दुसऱ्यात सम म्हणजे बेरीज, आणि प्रत्येक फेरी हाताने लिहायची. मला त्याचा भयंकर कंटाळा. मशीन असताना आपण कशाला मशीन व्हायचं?

मग आला एक ते दहाच्या बेरजेचा प्रोग्राम. उत्तर 55 यायला हवं, माझ्याकडे भलताच चार आकडी आकडा, शेजारणीकडे ऋण आकडा. बाईंनी आम्हाला व्हरांड्यात नेलं. एका मुलाला आय केलं, तो पाटीवर एक, दोन, तीन लिहीत जाणार. मला सम केलं. पाटीवर जितका आकडा, तितके चिंचोके मी मुठीत घ्यायचे. तीनच फेऱ्या केल्या. सहा व्हायला हवे होते, मोजले तर नऊ. माझ्या मुठीत मघाशी खिशातून काढलेले तीन चिंचोके तसेच होते. बाई म्हणाल्या, "सुरू करण्याआधी मूठ रिकामी कर असं तुला कुणी सांगितलं होतं?" कुणीच नाही. प्रोग्राममध्येही मी सम बरोबर शून्य लिहिलंच नव्हतं. मेमरीत आधीपासून जे पडलेलं होतं, त्यातच तो बिचारा बेरीज करत होता.

बाकीच्या चुका सगळ्यांच्याच होत्या. लूपच्या अटीत 'पेक्षा लहान'पुढचं 'बरोबर' विसरून पाढा त्रेसष्टवर थांबवणं, व्हाइल लूपमध्ये आय वाढवायचाच राहणं, मग पडदाभर धावणारे सात, आणि प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-ब्रेक शोधणारी बोटं.

फॅक्टोरियलची गोष्ट मात्र माझी एकट्याची. जर्नलमध्ये आठचं फॅक्टोरियल, म्हणजे एक ते आठचा गुणाकार, मी 40320 लिहिलं, प्रोग्राम न चालवता. उत्तर पाठ होतं, चालवायचं कशाला? बाईंनी सही केली नाही. लाल शाईत लिहिलं, "हे उत्तर मशीनचं की तुझं?"

चालवला. उणे 25216. रेघा मारल्या, आठही फेऱ्या लिहिल्या, लूपमध्ये खोट सापडेना. खोट नव्हतीच. आकडा ठेवायच्या इंट प्रकारच्या डब्यात 32767 पर्यंतच मावत होतं. त्यापुढे आकडा उलटून ऋण बाजूला जायचा. इंटऐवजी लाँग हा मोठा डबा लिहिला आणि 40320 आलं. मी जर्नल घेऊन ऐटीत गेलो.

बाई म्हणाल्या, "आता तेरा टाक."

1932053504. ऋण नाही, भलंमोठं, दिसायला रुबाबदार. मी म्हटलं, "आलं!" त्यांनी बाराचं टाकायला लावलं: 479001600. "ह्याला तेराने गुण आणि शेवटचे दोन आकडे मला सांग."

शेवटी दोन शून्यं यायला हवी होती. माझ्या पडद्यावर चार होता. मी खाली बसलो आणि वहीत रेघा मारायला घेतल्या.