तिसरी सरी

८ फेब्रुवारी, रविवार

आज बटाटे काढले. लावल्याला ९१ दिवस झाले. दोनदा हात धुतले तरी नखांत माती आहेच, आणि ती आज तशीच राहू द्यावीशी वाटतेय.

तळेगावात अजून सकाळी चांगलीच थंडी असते. अण्णांना परसदारी खुर्ची टाकून दिली, शाल पांघरली, पायांखाली गोणपाट घातलं. ८४ वर्षांचे आहेत. खाली वाकता येत नाही, पण माझं खुरपं कुठे पडतंय याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. "बुडाशी नको गं, हातभर लांबनं घाल. कापला तर टिकायचा नाही."

माझं माहेर सातगाव पठारावरचं. आंबेगाव तालुक्यातला हा पट्टा बटाट्याचा. तिथे बटाटा पावसाळी. जून-जुलैत पावसावर लावायचा, दसरा-दिवाळीच्या सुमाराला काढायचा. लहानपणी आम्ही पोरं शाळेला दांडी मारून बटाटे वेचायला जायचो. एवढ्या बटाट्यांत वाढले, पण स्वतःच्या हाताने पहिल्यांदा लावला तो गेल्या वर्षी, आणि तोही फसला. बाजारातले घरी आणलेलेच बटाटे कापून लावले होते. महिना झाला तरी कोंब नाही. उकरून पाहिलं तर निम्मे कुजलेले. अण्णा तेव्हा पठारावरच होते. फोनवर म्हणाले, "खायचा बटाटा बेण्याला चालतो होय? शीतगृहात मोड येऊ नयेत म्हणून औषध मारत्यात." हे मला माहीत असायला हवं होतं.

यंदा भावाने मंचरहून जालंधरचं बेणं आणलं होतं, त्यातलं किलोभर मला दिलं. कुफरी पुखराज. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेत निघालेल्या वाणांच्या नावाआधी ते लागतं. अण्णा नुसतं 'पुखराज' म्हणतात, घरच्या माणसाचं नाव घ्यावं तसं. दिवाळीनंतर ते इकडे राहायला आले आणि त्यांनी ओट्यावर बसून माझ्याकडून फोडी करून घेतल्या. प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे. कापलेली बाजू राखेत बुडवायची, मग दोन दिवस सावलीत सुकवायची. ६ फूट लांबीच्या ३ सऱ्या पाडल्या, तळाला शेणखत, आणि ९ नोव्हेंबरला वीतभर अंतराने २४ फोडी लावल्या. २२ उगवल्या.

अण्णांचा सगळा जीव अडकलेला असतो तो भर लावण्यात. रोप वीतभर झालं की दोन्ही बाजूंनी माती ओढून बुडाशी चढवायची, तीन आठवड्यांनी पुन्हा. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखालच्या खोडाचं टोक फुगून तो होतो. म्हणून तर त्याला डोळे असतात. आणि खोडच ते, उजेड लागला की हिरवं होतं. त्याच उजेडाने त्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं. अण्णांना हे नाव ठाऊक नाही. ते म्हणतात, "बटाट्याला ऊन दिसू देऊ नको, कडू होतो." तेवढ्यात सगळं आलं.

पहिली भर १० डिसेंबरला तिन्ही सऱ्यांना लावली. दुसरीची सुरुवात केली ती वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात. दोन सऱ्या झाल्या आणि त्याच रात्री अण्णांना ताप भरला. छातीत कफ, श्वास लागायला लागला. पाच दिवस त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आणल्यावरही त्यांच्या उशाशीच बसून असायचे. परसात कोण जातंय! तिसरी सरी तशीच राहिली. ते बरे होईपर्यंत पाला इतका माजला होता की सरीत हात घालायला जागा नव्हती.

मग पाणी तोडलं, २८ जानेवारीला पाला कापला, आणि साल पक्की होण्यासाठी अकरा दिवस बटाटे जमिनीतच राहू दिले.

आज पहिल्या रोपाखाली हात घातला. वरची माती कोरडी, आत गार आणि भुसभुशीत. बोटांना एक गोल लागला, मग दुसरा, मग त्यांच्यामधला मुठीएवढा. बाहेर काढून अंगठ्याने माती पुसली. पिवळसर, नितळ. एका रोपाला सात निघाले. मी एकेक वर धरायची आणि अण्णा मोजायचे. रात्री गारठा पडला की बटाटा पोसतो, यंदा थंडी चांगली होती. तिन्ही सऱ्या मिळून साडेदहा किलो भरले.

तिसऱ्या सरीत मात्र खुरपं लावायच्या आधीच बटाटे दिसत होते. भेगेतून वर आलेले, पाठ हिरवीगार. असे तेरा. मी ते वेगळे ठेवत होते. वाईट वाटत होतं. अण्णा बराच वेळ त्या ढिगाकडे बघत होते.

"ही मी आजारी होतो तवाची सरी ना?"

मी म्हटलं, "अण्णा, असू द्या हो."

"टाकू नको. खायला नाही चालायचे, पण बेण्याला हिरवा चांगला. सहजी कुजत नाही."

दुपारी जेवायला त्याच बटाट्यांच्या काचऱ्या केल्या, चांगल्यांच्या अर्थात. मोहरी, हिंग, हळद, तिखट, आणि झाकण न ठेवता मंद आचेवर. अण्णांनी दोनदा वाढून घेतल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच. जेवताना जुन्या आरणीची आठवण काढली: आंब्याखाली बटाट्यांचा ढीग, त्यावर पाल्याचा जाड थर, आणि भाव येईपर्यंत रात्री राखणीला बाज टाकून झोपायचं.

संध्याकाळी मी दिवा लावून आले तर ते पडवीत होते. हिरवे तेरा बटाटे टोपलीत एकेरी मांडले होते, डोळे वर करून. टोपली खिडकीशी, पण उन्हाबाहेर.

"जूनमध्ये मला पठारावर घेऊन चल," म्हणाले. "ही बांधाकडच्या तुकड्यात लावायची. भर मी सांगीन तशी लावायची, दोन्ही येळेला."

"हो, अण्णा."

टोपलीवर आत्ताच एक ओलं नसलेलं फडकं घालून आले. उंदरांचं काहीतरी बघायला हवं.