कानडी ओळ गप्प, मराठी ओळ थरथरती

थांबली! तीन आठवडे आणि अकरा तबकड्या खर्ची पडल्यावर देवळातल्या टीव्हीवरच्या शिरोरेषेची थरथर एकदाची थांबली. मागच्या वेळी 'आता फक्त बर्न करायचं बाकी' अशी फुशारकी मी मारली होती, ती सपशेल मागे घेतो. बर्न करणं हाच सगळ्यात सोपा भाग निघाला.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच, की खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळाची वही डीव्हीडीवर पानापानांनी चढवायचं हे काम आहे. म्हाताऱ्या मंडळींना वहीतलं बारीक अक्षर दिसत नाही, देवळात २१ इंची जुना डबा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर धूळ खात पडलाय, आणि कोजागिरीपासून काकडा सुरू होतो. वही २० वर्षांपूर्वी शहापुरातल्या एका डीटीपीवाल्याने जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे तो फॉन्ट नसेल तर वाचताच येत नाही अशा पद्धतीने, टाइप केलेली होती. तिचं युनिकोड कसं केलं ते पुराण मागे दोनदा लावून झालंय.

त्यातलं एक शेपूट मात्र राहिलं होतं, ते आधी सांगून टाकतो. रूपांतरानंतर जास्तीच्या मोकळ्या जागा आणि न दिसणारी चिन्हं झाडून काढणारी एक छोटी स्क्रिप्ट मी चालवतो. तिने इमानेइतबारे झिरो-विड्थ जॉइनरसुद्धा, म्हणजे अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी न दिसणारी चिन्हंसुद्धा, झाडून टाकली. परिणाम काय, तर 'वारकऱ्या'तल्या र ची आडवी मिशी जाऊन सगळीकडे रफार चढला. भजनाच्या वहीत वारकरी किती वेळा येतात ते मोजायला नको. आता जॉइनरवर विसंबणं सोडलं. सरळ नुक्ता असलेला ऱ घालतो, त्याला य किंवा ह जोडला की मिशी आपोआप येते, मग स्क्रिप्टने काहीही झाडू दे. मात्र आंधळेपणाने सगळे 'र्य' बदलू नका. 'दऱ्या' डोंगरात असतात आणि 'दर्या' समुद्र. 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' रफारासकट तसेच राहायला हवेत. मी यादी काढून एकेक शब्द नजरेखालून घातला. दोन संध्याकाळी गेल्या, पण मजा आली.

आता मुख्य दुखणं.

पहिली तबकडी घरी टिळकवाडीत आमच्या एलसीडी टीव्हीवर लावली तेव्हा पानं बघून मीच खूश झालो होतो. गडद निळ्यावर फिकट पिवळी अक्षरं, 'मुक्त' नावाचा फॉन्ट ३० पिक्सेलचा, पानाला ११ ओळी. ७६८ बाय ५७६ वर पान आखून नंतर ७२० ला दाबायचं, म्हणजे टीव्हीवर अक्षरं फताडी दिसत नाहीत, तेही केलेलं. पानाचं चित्र बनवणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रॅमचा साधा मजकूर-मार्ग माझ्या मशीनवर जोडाक्षरं मोडतो म्हणून पँगो या अक्षरं नीट मांडणाऱ्या लायब्ररीवाटे गेलो होतो. सगळं कसं शहाण्यासारखं. तबकडी घेऊन रविवारी गावी गेलो, प्लेअरला पिवळी पिन जोडली, पहिलं पान आलं, आणि काका म्हणाले,

"अक्षरं थरथरूलालीत की रे. थंडी वाजूलालीय काय त्यांना?"

खरंच थरथरत होती. प्रत्येक ओळीची शिरोरेषा मुंग्यांची रांग चालावी तशी लवलवत होती. दहा मिनिटं बघितलं तर डोकं धरावं.

मग मी जे केलं ते या छंदातला प्रत्येक जण करतो, म्हणजे जे दोषी नव्हतं त्या सगळ्यांना दोष दिला. आधी व्होल्टेज. संध्याकाळी गावात व्होल्टेज बसतं हे खरंच, म्हणून स्टॅबिलायझर आणला, थरथर तशीच. मग केबल बदलली. मग तबकडीचा दर्जा. खडेबाजारात हल्ली कोऱ्या तबकड्या विकणारा माणूस शोधावा लागतो, आणि सापडला तरी तो पेटीच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेला माल 'नवा स्टॉक' म्हणून देतो. पण एक लक्षात ठेवा: तबकडी वाईट असेल तर चित्र अडकेल, चौकोन-चौकोन होईल, प्लेअर खरखर करत बसेल. अक्षरं थरथरणार नाहीत. हे मला सातव्या तबकडीला सुचलं. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी तबकडी, वापरली असती तर एकीतच भागलं असतं, पण तिचा पृष्ठभाग उजेड कमी परतवतो आणि देवळातला प्लेअर तिला ओळखच देत नाही. म्हणून दर वेळी नवी, एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर. वाया गेलेल्या तबकड्या काकांनी भाताच्या शेतात दोरीला बांधल्या आहेत. भात दाणा भरायला आलंय, आणि पाखरं म्हणे यंदा त्या बाजूला फिरकत नाहीत. कुठेतरी उपयोग झाला.

कोडं सुटलं ते काकांमुळेच. आमच्या वहीच्या शेवटी पुरंदरदासांची काही कानडी पदं आहेत. विठ्ठलाची पदं म्हणताना आमच्याकडे भाषेची कुंपणं कुणी बघत नाही. त्या पदांवर मथळा मराठीत आणि खाली पद कानडी लिपीत. आठव्या तबकडीला काकांनी पुढची-पुढची पानं दाबत ते पान काढलं आणि म्हणाले, "कानडी बघ कशी गप बसलीत. आमचीच नाचूलालीत."

मी उठून टीव्हीजवळ गेलो. एकच पान, तीच केबल, तोच प्लेअर. वरचा मराठी मथळा लवलवतोय आणि खालच्या कानडी ओळी शांत. म्हणजे दोष वस्तूंचा नव्हे, अक्षराच्या आकाराचा! कानडी अक्षरं गोलाईची, डोक्यावर तलकट्टू नावाच्या रेघेचा छोटासा तुकडा, तोही प्रत्येक अक्षराचा सुटा. आपल्याकडे मात्र शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट आडवी रेघ.

जुना टीव्ही ५७६ ओळी एका दमात काढत नाही. आधी विषम, मग सम, असे सेकंदाला ५० अर्धे, म्हणजे ५० फील्ड. एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ दोन्हींपैकी एकाच फील्डमध्ये येते, म्हणजे ती सेकंदाला २५ वेळाच पेटते आणि मध्ये विझते. एवढं डोळ्याला कळतं. उभी रेघ अनेक ओळींतून जाते, गोलाई ओळी बदलत जाते, त्यांचं काही बिघडत नाही. माझ्या ३० पिक्सेलच्या अक्षरात शिरोरेषा जेमतेम दीड पिक्सेल भरत होती. एका फील्डला भरपूर उजेड, दुसऱ्याला जेमतेम अर्धा. आणि ओळीतले सगळे शब्द एकाच उंचीला टांगलेले असल्यामुळे अख्खी ओळ एका तालात उघडझाप करत होती. घरचा एलसीडी दोन्ही फील्ड जोडून मगच चित्र दाखवतो, म्हणून तिथे हे पाप झाकलं गेलं. या विषम-सम ओळींच्या पद्धतीबद्दल, म्हणजे इंटरलेसबद्दल, मी वर्षानुवर्षं वाचतोय, पण ते हलत्या चित्रापुरतं असतं असं डोक्यात बसलेलं. स्थिर पानाला काय होणार? हे होणार.

कारण कळल्यावर वाटलं, अर्ध्या तासाचं काम. फॉन्ट जाड करा. नवव्या तबकडीला मुक्तचं ठळक वजन घेतलं. थरथर बरीच कमी झाली आणि दुसरंच लचांड उभं राहिलं. ध आणि भ यांची सगळी ओळख शिरोरेषेतल्या त्या एवढ्याशा फटीत असते. ठळक वजनात ती फट आधीच चिंचोळी. त्यात ७२० ला दाबलेलं पान, डीव्हीडीसाठी चित्र दाबून साठवणाऱ्या एमपेगने अक्षराच्या कडेला सोडलेली राळ आणि पिवळ्या पिनेतून येणारं मऊ चित्र. फट बुजली. 'भजन'चं 'मजन' झालं तर निदान हसून सोडता येतं, पण 'धरी'चं 'घरी' झालं की अभंगाचा अर्थच बदलतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही शब्द ओळीत बसतात! म्हणणाऱ्याला चूक कळतही नाही. एका आजोबांनी ठणकावून 'घरी' म्हटलं आणि मागच्यांनी री ओढली.

म्हणजे रेघ उभ्या दिशेने जाड हवी, आडव्या दिशेने अक्षर जराही पसरायला नको. इथे एका रात्री डोक्यात किडा आला की शिरोरेषाच काढून टाकावी, गुजरातीसारखी. एक पान करून पाहिलं. काकांना दाखवण्याची हिंमत झाली नाही.

मग उभा ब्लर. फक्त वर-खाली पुसायचं, बाजूला अजिबात नाही. दहाव्या तबकडीत तो केला आणि फरक शून्य. इथे मात्र माझाच गाढवपणा. कडा गुळगुळीत याव्यात म्हणून मी पान चौपट आकारात काढतो आणि मग लहान करतो. ब्लर केला होता चौपट पानावर, एका पिक्सेलचा. लहान झाल्यावर त्याचा पाव पिक्सेल उरला. वाघ मारायला निघालो आणि हातात माशी मारायची फडकी.

अकराव्या वेळी क्रम बदलला. पान पूर्ण ७२० बाय ५७६ झाल्यावर, एमपेगकडे जाण्याच्या अगदी आधी, प्रत्येक ओळीचं मूल्य नव्याने काढायचं: वरची एक भाग, स्वतःची दोन भाग, खालची एक भाग, भागिले चार. एवढंच. कागदावर मांडून बघा, फार सुंदर आहे हे. कुठल्याही ओळीचा अर्धा उजेड तिच्या स्वतःच्या फील्डमध्ये राहतो आणि उरलेला अर्धा शेजारच्या दोन ओळींत, म्हणजे दुसऱ्या फील्डमध्ये जातो. रेघ एक पिक्सेल असो, दीड असो, तीन असो, दोन्ही फील्डना उजेड समसमान. आणि आडवं काहीच हललेलं नसल्यामुळे ध ची फट जागच्या जागी.

सोबत फॉन्ट नेहमीच्याच वजनाचा ठेवून ३० वरून ३८ केला. ओळ ते ओळ ५२ पिक्सेल. डबा टीव्ही कडा खातो, म्हणून मजकूर मधल्या ८० टक्क्यांतच ठेवायचा, तिथे ८ ओळी आणि पानाचा आकडा बसतो. ध्रुपद आधी लाल होतं. ते सोडलं, कारण डीव्हीडीत रंगाचा तपशील उजेडाच्या मानाने उभा-आडवा निम्माच साठवला जातो, आणि निळ्यावर लाल म्हणजे चिखल. आता ध्रुपद पांढुरकं आणि कडवी पिवळी. पांढऱ्याचा उजेड २५५ पैकी २३५ च्या वर नेऊ नका, काठ जळतात.

रविवारी संध्याकाळी लावलं. काका चष्मा काढून, चष्मा घालून, परत काढून बघत राहिले. मग म्हणाले, "बसली." आमच्या घराण्यात याहून मोठी शाबासकी नाही.

पानं वाढली, अर्थात. ११ च्या ८ ओळी झाल्या, वर प्रत्येक पानाच्या डोक्यावर ध्रुपद पुन्हा छापायचं ठरलं, कारण म्हणणारे दर कडव्यानंतर तिथेच परततात आणि मागचं पान दाबायला कुणाचा हात टाळातून मोकळा नसतो. २४१ पानांची ३५८ झाली. डीव्हीडीला जागेची चिंता नाही, पण एका टायटलमध्ये, म्हणजे तबकडीवरच्या एका विभागात, ९९ च चॅप्टर बसतात, आणि माझं प्रत्येक पान म्हणजे एक चॅप्टर. काकडा, भारुडं, आरत्या, कानडी पदं आत बसतात. गौळणी ११२ पानांच्या झाल्या. मंडळाला विचारलं कुठल्या गौळणी गाळू, तर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विषय तिथेच मिटला. दोन टायटलं करतोय.

तबकडीची मांडणी करणाऱ्या डीव्हीडीऑथर या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पान अनंत काळ थांबतं, रिमोटचं पुढचं बटण दाबलं की पुढे. हे उत्तम चाललं होतं. परवा एका बुवांनी एका चरणावर चांगली दहा मिनिटं ठाण मांडलं, आणि ऐन रंगात पडद्यावरून अभंग जाऊन प्लेअरच्या कंपनीचं बोधचिन्ह या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत फिरू लागलं. स्क्रीनसेव्हर! सेटिंगमध्ये जाऊन बंद केला, पण लाइट गेली की हा प्लेअर सगळं विसरतो आणि आमच्याकडे लाइट कधी जाते हे विचारू नका.

लिहिता लिहिता सुचतंय: पान थांबवण्याऐवजी मिनिटभराचं करून स्वतःवरच परत उडी मारायला लावलं तर? चित्र 'चालू' राहील, स्क्रीनसेव्हर येणार नाही. आणि मूक ऑडिओ ट्रॅक टाकतोच आहे, तर त्या जागी तंबोरा का नको? काळी दोनमध्ये भरला तर पेटीवाले उशिरा आले तरी सूर धरता येईल. उडीच्या जागी आवाज तुटेल ही भीती आहे. तंबोऱ्याच्या एका पूर्ण आवर्तनावर कापला तर कदाचित लपेल. कुणी पानाला लूप करून आवाज जोडला असेल तर सांधा किती ऐकू येतो ते सांगा. मी तोवर बारावी तबकडी या प्रयोगासाठी बाजूला काढलीय, आणि काकांनी शेताच्या वरच्या बांधाला अजून एक दोरी ताणून ठेवलीय.