आघाडीवरचा टिकल्यांचा गाऊन शिवताना

मार्लेन डीट्रिशवरच्या एकपात्री प्रयोगाचा कपडेपट माझ्याकडे आला. त्यात सगळ्यात अवघड होता तो दुसऱ्या महायुद्धात तिने सैनिकांसमोर घातलेला टिकल्यांचा पायघोळ गाऊन. बर्लिनमध्ये जन्मलेली ही नटी १९३९ साली अमेरिकेची नागरिक झाली आणि १९४४ पासून दोस्त सैन्याच्या मागोमाग उत्तर आफ्रिका, इटली, फ्रान्स असं गात फिरली. तिच्या पोशाखांचा संग्रह आज बर्लिनच्या डॉइचे किनेमाटेक या चित्रपट-संग्रहालयाकडे आहे. माझ्या हाताशी होते ते फक्त जुने फोटो.

फोटोत चमक दिसते, शिवण दिसत नाही. म्हणून ती त्या गाऊनमध्ये काय काय करायची, तेच आधी वाचून काढलं आणि बरीचशी उत्तरं तिथंच सापडली. सूत्रसंचालक डॅनी थॉमस ती येणार नसल्याचं जाहीर करायचा. मग ती लष्करी गणवेशात अवतरायची, बॅगेतून गाऊन काढायची आणि आडोशाला जाऊन झटपट बदलून यायची. म्हणजे कपडा बॅगेत मावणारा, चुरगळला तरी न दिसणारा आणि घाईत अंगावर चढणारा हवा. नेटच्या जाळीदार कापडावर दाट टिकल्या असल्या की इस्त्री लागतच नाही. जिथं आज तंबू आणि उद्या ट्रक, तिथं याहून शहाणा पोशाख मला तरी सुचत नाही.

ती संगीत-करवतही वाजवायची: करवत गुडघ्यांत धरून, व्हायोलिनच्या गजाने. घेर तंग ठेवला तर आमच्या नटीला तशी करवत घेऊन बसताच येणार नाही, म्हणून एका बाजूला वरपर्यंत चीर ठेवली आणि चिरेच्या टोकाला आतून पट्टी लावली.

खरा वेळ गेला तो टिकल्यांत. आरीने, म्हणजे भरतकामाच्या आकडीदार सुईने, काम भराभर होतं, पण साखळी टाका एका ठिकाणी तुटून ओढला गेला की अख्खी ओळ उसवते. झटपट बदलण्यात असं ओढलं जाणारच. म्हणून साध्या सुईने, प्रत्येक टिकली उलट टाक्याने बसवली आणि थोड्या थोड्या अंतरावर गाठ मारत गेले. टिकल्या माशाच्या खवल्यांसारख्या वरून खाली एकमेकींवर चढवल्या; उलट दिशेने लावल्या तर अडकतात. काखेत टिकल्या मुद्दाम लावल्या नाहीत, तिथं त्या दंड सोलतात. पाठीला हुकांऐवजी चेन दिली.

रंगीत तालमीत नटीने गणवेश उतरवून गाऊन चढवला, करवत घेऊन बसली, उठली. "ताई, हा अंगावर असताना हात कुठं ठेवू हा प्रश्नच पडत नाही," म्हणाली. मला याहून मोठी पावती नको होती.

प्रयोगानंतर गाऊन हँगरला लावत नाही, टिकल्यांच्या वजनाने नेट खांद्याशी ताणली जाते. मलमलीत गुंडाळून आडवा ठेवतो आणि सुई-दोरा त्याच पेटीत असतो.