दोन रीलं आणि एक फिरता जिग

हिवाळ्यात मी गोठलेल्या तळ्यावर गाइडचं काम करतो. पहाटे बर्फाची जाडी मोजायची, ऑगरने भोकं पाडायची, तंबू ठोकायचा, हीटर लावायचा आणि आलेल्या लोकांना मासे गरवायला बसवायचं. संध्याकाळी सगळी रीलं, म्हणजे गळाचा दोरा गुंडाळायची चाकं, खोलून पुसायची. रील इनलाइन घ्यावं की स्पिनिंग, हे मला तळ्यावर पाऊल ठेवायच्या आधीच विचारलं जातं. त्या दिवशी आलेले दोघं मात्र विचारायला आलेच नव्हते. दोघांचं उत्तर ठरलेलं होतं, आणि ते एकमेकांच्या उलट होतं.

एक होते दाजी, दुसरे त्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ. त्यांना मी मनातल्या मनात मेहुणेबुवा म्हणू लागलो. दाजींनी आयुष्यभर लेथवर काम केलेलं, त्यामुळे कुठलंही यंत्र हातात आलं की आधी ते फिरवून बघायचे. त्यांनी नवंकोरं इनलाइन रील आणलं होतं, मोठ्या उघड्या चाकाचं. मेहुणेबुवांकडे त्यांचं उन्हाळ्यातलंच लहान स्पिनिंग रील होतं. गाडीतून उतरतानाच वाद सुरू.

"दाजी, चार महिने वापरायच्या वस्तूवर एवढा खर्च?"

"अरे, तुझ्या त्या रीलला पीळ बसतो. बघशील तू."

उणे 18 तापमान होतं. बर्फ 30 सेंटिमीटर, स्वच्छ आणि घट्ट. चालायला 10 सेंटिमीटर असा बर्फ पुरतो, म्हणून त्या बाबतीत मी निर्धास्त होतो. सकाळी उथळ खाडीत, पाणवनस्पतींच्या कडेला बसलो. खोली 4 मीटर, मासे ब्लूगिल. एकाच तंबूत दोन भोकं, मध्ये दोन मीटर अंतर. दोघांना मुद्दाम सारखाच जिग, म्हणजे वजन असलेला बारीक गळ, बांधून दिला, 4 मिलिमीटरचा टंगस्टनचा, वर एक अळी. तंगूसही सारखाच, 3 पौंडी. मला त्यांच्या वादात पडायचं नव्हतं, पण निकाल लागणारच असेल तर तो नीट लागावा असं वाटत होतं.

तासाभरात दाजींच्या बाजूला माशांचा ढीग आणि मेहुणेबुवांकडे काहीच नाही. सोनारवर, म्हणजे पाण्यातले मासे पडद्यावर रेघांनी दाखवणाऱ्या यंत्रावर, स्पष्ट दिसत होतं की मासे त्यांच्याही भोकाखाली येतायत. तळातून रेघ वर यायची, जिगपासून वीतभर खाली थांबायची, तिथेच रेंगाळायची आणि पुन्हा खाली जायची. त्यांनी जिगचा रंग बदलला. अळी बदलली. मग "तुमचं भोकच चांगलं आहे" म्हणून जागांची अदलाबदल केली. दाजी नव्या भोकातही मासे काढत राहिले.

म्हणजे भोकाचा दोष नव्हता. मी पाण्याखालचा कॅमेरा सोडला.

पडद्यावर जिग दिसला आणि कारणही दिसलं. तो गोल फिरत होता. सावकाश, एका बाजूला आठ-दहा वेढे, मग क्षणभर स्थिर, मग थोडा उलटा. एक ब्लूगिल समोर येऊन थांबला, पंख हलवत एका जागी तरंगत राहिला आणि मागे सरकला. ब्लूगिल नुसत्या हालचालीवर झडप घालत नाही. तो आमिषाजवळ येऊन बराच वेळ निरखतो, आणि थंड पाण्यात तर आणखीच चोखंदळ होतो. अळी स्वतःभोवती अशी गरगरत नाही हे त्याला कळतं.

"बघ, सांगितलं होतं ना, पीळ!" दाजींचा आवाज तंबूबाहेर गेला असेल.

दाजींचं म्हणणं अर्धं खरं होतं. शिवणाच्या दोऱ्याची रीळ उभी धरून वरच्या टोकाकडून दोरा ओढला तर प्रत्येक वेढ्यामागे दोऱ्याला एक पीळ बसतो. तीच रीळ सुईवर आडवी फिरू दिली तर दोरा सरळ येतो. स्पिनिंग रीलचं स्पूल, म्हणजे तंगूस ज्यावर बसतो ती रीळ, स्थिर असतं आणि तारेची कमान, म्हणजे बेल, त्याच्याभोवती फिरून तंगूस गुंडाळते. इनलाइनमध्ये चाकच फिरतं. इथवर दाजी बरोबर. पण स्पिनिंगमध्ये कमान उघडून तंगूस सोडला तर जाताना एका बाजूचा पीळ बसतो आणि गुंडाळताना विरुद्ध बाजूचा. जेवढा गेला तेवढाच परत आला तर हिशेब शून्य. मग इतका पीळ आला कुठून?

मी रीलकडे बघणं सोडून मेहुणेबुवांच्या हातांकडे बघत बसलो. जिग खाली सोडताना ते कमान उघडत. पण एकदा जिग तळाशी गेला की खोली जुळवायला कमान बंदच ठेवून, ड्रॅग, म्हणजे जोरात ओढ बसली की स्पूल घसरू देणारा ब्रेक, सैल करून, हाताने तंगूस ओढून काढत. थोडा वर घेतला, पुन्हा ओढला, पुन्हा वर घेतला. सोनारवर मासा जरा वरखाली झाला की हाच उद्योग. ड्रॅगमधून ओढलेला तंगूस स्पूल फिरवून बाहेर येतो, म्हणून जाताना पीळ बसत नाही. परत येतो तो मात्र कमानीने गुंडाळला जाऊन, पीळ घेऊन. हिशेब इथे बिघडतो. त्यांच्या स्पूलचा व्यास साधारण 35 मिलिमीटर, म्हणजे एका वेढ्यात 11 सेंटिमीटर. ड्रॅगमधून एक मीटर ओढून परत गुंडाळला की नऊ पीळ. असं सकाळभर चाललेलं. मासा ड्रॅग सोडवत पळाला आणि आपण त्याला परत ओढला, तरी हेच होतं. ड्रॅग घसरत असताना नुसतं हँडल फिरवत राहिलो तर विचारूच नका, 5:1 च्या रीलला हँडलच्या एका फेरीमागे पाच पीळ.

"दादा, जिग काढा," म्हटलं, आणि त्याजागी 30 ग्रॅमचं शिसं बांधून पाण्यात लोंबकळत ठेवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. थांबल्यावर जिग पुन्हा बांधला आणि सांगितलं, आता ड्रॅगला हात लावायचा नाही, खोली जुळवायची ती कमान उघडून, बोटाने तंगूस दाबत. कॅमेऱ्यात जिग जवळजवळ स्थिर दिसला. अगदी पूर्ण नाही. लहान स्पूलवर थंडीत पडलेला तंगूस वळ्यांचा आकार धरून ठेवतो, आणि इतका हलका जिग ते वळे सरळ करू शकत नाही. तरी मासे लागू लागले.

"म्हणजे रील चांगलंय, हात वाईट," मेहुणेबुवा म्हणाले.

"दोन्ही," दाजी म्हणाले.

इथे अनेक जण स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी छोटी कडी, बांधायला सांगतात, जिगच्या वर हातभर अंतरावर. मोठ्या जिगला ते चालतं. पण ग्रॅमभर वजनाच्या जिगने स्विव्हलवर ताणच येत नाही, आणि ताण नसेल तर साधं स्विव्हल फिरत नाही, नुसतं लोंबतं. उथळ पाण्यात, बारीक जिगवर निरखून घेणारे मासे असतील तर मी निःसंकोच इनलाइन हातात देतो. दुकानात सांगतात तशी जादू त्यात काही नाही. पीळ बसण्याची वाटच तिथे बंद असते, एवढंच.

अर्थात दाजींचीही सकाळ निर्वेध गेली नव्हती. इनलाइनला जिग खाली न्यायचा तर जिगच्या वजनाने चाक फिरावं लागतं. टंगस्टन शिशाच्या दीडपटीहून घन, म्हणून एवढासा जिगही त्यातल्या त्यात जड असतो. तरी थंडीत बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट झालं की तो अर्ध्यावर थांबतो. दोनदा त्यांना हाताने तंगूस ओढून द्यावा लागला. चाक फिरत असल्यामुळे त्याने पीळ मात्र बसला नाही.

दुपारी जागा बदलली. तळ्याच्या मधल्या खोल भागात, 27 मीटर पाण्यावर, लेक ट्राउटसाठी. इथे जिगऐवजी 20 ग्रॅमचा स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष. मी दाजींना म्हटलं, "काका, इथे माझ्याकडचं स्पिनिंग घ्या." त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या रॉडवर लावलेलं आणखी एक इनलाइन पिशवीतून काढलं, वेणीच्या दोऱ्याचं. या माणसाची तयारी पूर्ण होती.

पहिल्याच खेपेला स्पून सुसाट खाली गेला, तळाला टेकला आणि चाक फिरतच राहिलं. अंगठा वेळेवर टेकला नाही. असा गुंता झाला की उणे 18 मध्ये मोजे काढून तो सोडवताना दाजी पहिल्यांदाच गप्प झाले. वेणीचा दोरा पाणी धरतो, म्हणून सोडवलेले पदर हातातच कडक होत होते. हलक्या जिगला जे चाक फिरायला आळस करतं, तेच जड स्पूनला थांबायला तयार नसतं.

मग आला मुख्य खेळ. लेक ट्राउट खोलवरून पाठलाग करत येतो. सोनारवर रेघ स्पूनकडे निघाली की स्पून थांबवायचा नाही. भराभर वर ओढायचा, जणू लहान मासा जीव घेऊन पळतोय. वेग ओसरला की ट्राउटचं लक्ष उडतं. आता दाजींच्या रीलचा गिअर 2.5:1, चाकावर दोऱ्यापाशी व्यास 5 सेंटिमीटर, म्हणजे हँडलच्या एका फेरीत जेमतेम 40 सेंटिमीटर. मेहुणेबुवांचं स्पूल लहान, पण गिअर 5.2:1, म्हणून एका फेरीत 57. पूर्ण 27 मीटर वर आणायला दाजींना 68 फेऱ्या, मेहुण्यांना 47. दाजींच्या मागे मासे लागायचे, निम्म्यापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. त्यांचा हात भरून आला होता, पण रील खाली ठेवेनात.

मेहुणेबुवांना पहिला झटका बसला तेव्हा त्यांनी रॉड उचलला आणि हँडल उलटं फिरलं. मासा गेला. त्यांना वाटलं आपलंच चुकलं. पण हा स्पिनिंग रीलचा थंडीतला जुना आजार आहे. हँडल उलटं जाऊ न देणारा आतला रोलरांचा क्लच असतो, त्यातलं ग्रीस गोठून घट्ट झालं की रोलर पकड घेत नाहीत, घसरतात. उन्हाळ्यात तेच रील निर्दोष चालतं. मी हिवाळ्याआधी माझ्या रीलांमधलं ते ग्रीस धुऊन काढतो आणि तिथे पातळ तेलाचा एखादा थेंब सोडतो. माझं तसं एक रील त्यांच्या रॉडवर चढवून दिलं. त्यांचं रील हीटरजवळ ठेवायला निघाले, तर थांबवलं. ऊब आणि थंडी अशी आलटूनपालटून दिली की आत दव धरतं, आणि बाहेर काढल्यावर त्याचाच बर्फ होतो.

थोड्या वेळाने पुन्हा एक रेघ निघाली. मेहुणेबुवांनी न थांबता गुंडाळलं, दहा-बारा मीटर, आणि काठी वाकली. ट्राउट दोनदा तळाकडे पळाला. ड्रॅग सरसर सुटत गेला, कुठे अडला नाही. मासा भोकातून वर आला तेव्हा दाजींनीच वाकून तो धरला.

"या पळापळीत किती पीळ बसला असेल रे?" त्यांनी मला विचारलं.

"पुष्कळ, काका. पण वीस ग्रॅमच्या स्पूनचं स्विव्हल नीट फिरतं, शिवाय पळणारा स्पून जरा गरगरला तर ट्राउटला काही वाटत नाही."

त्यावर ते बराच वेळ विचार करत होते, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत.

सामान आवरताना मेहुणेबुवांनी दाजींचं सकाळचं रील मागून घेतलं, अंगठ्याने चाक फिरवून बघितलं आणि विचारलं, "दाजी, हे उथळ पाण्यासाठी मी एक घेतलं तर?"

"घे की. पण आधी खाली जुना दोरा भरून मग तंगूस चढव, चाक काठापर्यंत भरलं पाहिजे. व्यास मोठा राहिला तर एका फेरीत जास्त येतो." एवढं सांगून ते माझ्याकडे वळले. "बरोबर ना?"

"बरोबर. आणि दादा, तुम्ही हँडल डाव्या हाताने फिरवता. बऱ्याच इनलाइनचं हँडल बाजू बदलत नाही, तेव्हा घेतानाच डाव्या बाजूचं बघून घ्या."