सहीची रिकामी जागा

वडील प्रभूमध्ये निजले, त्याला येत्या पावसाळ्यात चार वर्षे पूर्ण होतील. आई त्यांच्या आधीच गेली होती आणि मृत्युपत्र केलेले नव्हते. गावाकडची दोन एकर बारा गुंठे जमीन, एक विहीर आणि बांधावरची तीन चिंचेची झाडे एवढे मागे राहिले. वारस आम्ही दोघे, मी आणि माझी धाकटी बहीण. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने तिला साडी घ्यायची आणि माहेर शाबूत राहिले असे दोघांनी म्हणायचे. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात फरक करत नाही, हे मला चांगले माहीत होते. तरीही मी दस्त लिहून घेतला होता. त्यात फक्त तिच्या सहीची जागा रिकामी होती.

"दादा, कागद कधी आणतोस? मी सही करून टाकते," असे तिने स्वतःच फोनवर विचारले होते. तिच्या स्वरात नाराजी नव्हती, आणि तेवढ्यावर मी स्वतःचे समाधान करून घेतले. दोन मुलांना घेऊन ती भाड्याच्या एका खोलीत राहते आणि माहेरचे दार बंद होईल या भीतीपोटी ती हो म्हणत आहे, हे मला कळत नव्हते असे मी देवासमोर म्हणू शकत नाही. आणखी एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. रस्त्याकडचा तुकडा विकून आलेल्या पैशांतून आमच्या उपासना मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, छपरासाठी मोठे अर्पण द्यायचे मी ठरवले होते. त्या विचाराने मला रात्री शांत झोप लागत असे.

त्याच आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेत बायबलमधील १ शमुवेल या पुस्तकाचा १५ वा अध्याय वाचायचा होता. अमालेकी या शत्रू लोकांचे सर्व काही नष्ट करावे अशी आज्ञा शौल राजाला मिळाली होती. (त्या आज्ञेची कठोरता मला आजही पेलत नाही, आणि पेलते असा आव मी आणणार नाही.) शौलाने अगाग राजाला जिवंत ठेवले, उत्तम मेंढरे आणि गुरे राखली आणि टाकाऊ तेवढे मारले. संदेष्टा शमुवेल गिलगाल या गावी पोहोचला तेव्हा, परमेश्वराची आज्ञा मी पाळली आहे, असे शौलाने त्याला आपण होऊन सांगितले. त्यावर शमुवेलाने एवढेच विचारले, की मग मेंढरांचे आणि गुरांचे ओरडणे माझ्या कानांवर पडते ते कसले?

शौलाचे उत्तर मी वडिलांच्या जुन्या बायबलमधून मोठ्याने वाचत होतो आणि पंधराव्या वचनाशी माझा आवाज अडखळला. उत्तम मेंढरे राखली ती 'लोकांनी', बाकीचे नष्ट केले ते मात्र 'आम्ही', आणि राखली कशासाठी, तर 'तुझा देव परमेश्वर' याला यज्ञ करण्यासाठी. जे द्यायचे नव्हते त्याला त्याने अर्पणाचे नाव दिले होते. मंदिराचे छप्पर माझ्या डोळ्यांसमोर आले. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, हे त्याच अध्यायातील बाविसावे वचन मी रविवारच्या शाळेत पाठ केले होते आणि पुढे कित्येक वर्षे मुलांकडून पाठ करून घेतले होते.

नंतर अंथरुणावर पडून मी आठवू लागलो, की जमिनीसाठी तीन महिने प्रार्थना करताना मी नेमके काय मागितले होते. कागदपत्रांत अडथळा येऊ नये, तलाठ्याकडे खेपा पडू नयेत, ग्राहक चांगला मिळावा. तुझी इच्छा काय आहे, असे मी एकदाही विचारले नव्हते, कारण उत्तर मला माहीत होते. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात ईयोबाने आपल्या मुलींना त्यांच्या भावांच्या बरोबरीने वतन दिले असे लिहिले आहे, आणि त्या ओळीखाली वडिलांनी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.

आज्ञापालन म्हणजे मनात इच्छाच न उरणे, अशी माझी समजूत होती, आणि तसे मन माझ्याजवळ नाही म्हणून मी स्वतःला सूट देत आलो होतो. क्रूसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करणाऱ्या प्रभू येशूकडे पाहिल्यावर ती समजूत टिकत नाही. गेथशेमाने या शब्दाचा अर्थ तेलाचा घाणा. तेथे प्रभूने हा दुःखाचा प्याला टळावा अशी आपली इच्छा पित्याला उघडपणे सांगितली आणि मगच, माझ्या इच्छेप्रमाणे नको, असे म्हटले. मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, की तो तीन वेळा प्रार्थनेला गेला. मला जमीन हवी आहे, हे मी त्या रात्री प्रथमच देवाला स्पष्ट शब्दांत सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडे गेलो आणि वारस म्हणून दोघांचीही नावे लावायची आहेत असे सांगितले. बराच वेळ ती काही बोलली नाही; मग तिने हळूच विचारले, "वहिनी काय म्हणाली?" फेरफार होऊन सातबाऱ्यावर दोन नावे लागली. पुढे वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक राहिली, आणि चिंचेची झाडे व रस्त्याकडचा तुकडा तिच्या वाट्याला गेला.

तो रस्ता आता रुंद झाला आहे. गावी गेलो, की तेथील भाव कोणीतरी आवर्जून सांगतो आणि जुना हिशोब मनात पुन्हा सुरू होतो. अशा संध्याकाळी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या शब्दांपाशी मी थांबतो आणि ते पुन्हा एकदा म्हणतो.