तिसऱ्याच दारावर

"अहो, मी तुमच्याच चर्चला येते."

आज आउटरीचला, म्हणजे घरोघर जाऊन लोकांना चर्चला बोलवायला निघालो होतो, हातात पत्रकांचा गठ्ठा, आणि तिसऱ्याच दारावर एक मावशी हे म्हणाल्या. पुढे केलेलं पत्रक तसंच हातात राहिलं माझ्या.

दोन वर्षं येतायत म्हणे. शेवटच्या बाकावर, खांबामागे. मधे गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून चार महिने आल्या नव्हत्या आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, मी तर दर रविवारी दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवतो!

रागावल्या मात्र नाहीत. चष्मा लावून पत्रक नीट वाचलं आणि विचारलं, "उपासनेची वेळ बदलली का हो?"

आणि आपण म्हणे मेथडिस्ट, जॉन वेस्लींच्या चळवळीतून आलेल्या पंथाचे. १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला त्यांच्या सभागृहाचं कर्ज फेडायला दर आठवड्याला माणशी एक पेनी जमवायचं ठरलं, बाराएक जणांमागे एक पुढारी, तो घरोघर जायचा. गेला पेनीसाठी, पण कोण आजारी, कोण अडचणीत हेही कळायला लागलं, आणि वेस्लींच्या क्लास मीटिंग, म्हणजे एकमेकांची विचारपूस करणाऱ्या छोट्या गटांच्या बैठका, त्यातूनच उभ्या राहिल्या.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात मावशींचा नंबरच नव्हता, आज घेतला.

खांबामागे अजून कोण कोण बसत असेल?