टोरांटोच्या बॅगा

आजचा अख्खा दिवस वजनकाट्यापाशी गेला. कायमचं टोरांटोला निघायचं आणि तिकिटावर दोनच बॅगा, प्रत्येकी २३ किलो! जादा बॅगेचे पैसे विमानतळावर भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन भरलेले बहुतेकदा स्वस्त पडतात, म्हणून तिसरी बॅग आजच घेऊन टाकली. एकच बॅग ठासून भरायची सोय नाही. ३२ किलोच्या वर सहसा घेतच नाहीत.

आईने दिलेल्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र काढाव्या लागल्या. सुक्या खोबऱ्यातलं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात मनाई. आई हिरमुसलीच. मग तेवढ्याच जागेत तिने गोडा मसाला बसवला, दुहेरी पिशवीत, तोंडाला टेप गुंडाळून. स्वेटर कमी केले, तिकडे मिळतील. पुस्तकं ठेवली, जड असली तरी. पॉवर बँक केबिन बॅगेत. उद्या बाबा पुन्हा सगळं तोलणार आहेत.